मास्क्ड आधार: काढायचं कसं आणि पासवर्ड कुठे अडतो

लॉजवर किंवा घरमालकाला आधारची पूर्ण झेरॉक्स कशाला द्यायची? मास्क्ड आधारवर पहिले ८ आकडे झाकलेले असतात, फक्त शेवटचे ४ दिसतात.

मायआधार पोर्टलवर आधार क्रमांक, कॅप्चा आणि मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून लॉगिन करा. मोबाइल नंबर आधारला जोडलेला नसेल तर गाडी इथेच थांबते. तो आधी आधार केंद्रात जाऊन जोडून घ्यावा लागतो. 'डाउनलोड आधार'मध्ये मास्क्डच्या चौकटीवर टिक करायला विसरू नका, नाहीतर पूर्ण क्रमांकाची प्रत उतरते.

खरी अडचण येते पीडीएफ उघडताना. पासवर्ड म्हणजे आधारवरच्या इंग्रजी नावाची पहिली ४ अक्षरं कॅपिटलमध्ये, आणि लगेच जन्मवर्षाचे ४ आकडे. मध्ये जागा सोडायची नाही. नाव 'साई कुमार', जन्म १९९० असेल तर एस, ए, आय, के आणि पुढे १९९०. नावात टिंब असेल तर तेही अक्षर म्हणून मोजतात. आधारवरचं पूर्ण नावच इंग्रजीत तीन अक्षरी असेल तर तीन अक्षरं आणि वर्ष. स्पेलिंग मात्र आधारवर छापलंय तेच हवं. लग्नानंतर नाव बदललं पण आधारवर जुनंच असेल, तर जुनंच टाका.

त्याच पोर्टलवर बायोमेट्रिक लॉकही करून ठेवाच. त्यानंतर बोटांचे ठसे वापरून कुणालाही तुमच्या खात्यातून पैसे काढता येत नाहीत. ओटीपीची कामं मात्र चालू राहतात. रेशन दुकानात अंगठा देण्याआधी लॉक तात्पुरतं उघडा.