लॅपटॉपमध्ये दोन वेगांच्या रॅम: बसवताना आणि अडल्यावर काय तपासावे

जुन्या लॅपटॉपमध्ये रॅम वाढवल्यावर काही बिघडले, की पहिला संशय दोन स्टिकच्या वेगांतील फरकावर घेतला जातो, आणि बहुतेक वेळा तो चुकीचा ठरतो. प्रत्येक स्टिकवर एक छोटी चिप असते आणि त्या स्टिकला कोणकोणते वेग झेपतात याची नोंद तिच्यात असते. लॅपटॉप सुरू होताना बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा मूळ प्रोग्रॅम, या नोंदी वाचतो आणि सर्वांना जमेल असा वेग ठरवतो. त्यामुळे २४०० ची जुनी आणि ३२०० ची नवी स्टिक (हे आकडे म्हणजे सेकंदाला किती दशलक्ष वेळा माहिती पाठवली जाते ते) शेजारी बसवली, तर दोन्ही २४०० ने चालतात आणि तक्रार उरत नाही. खरी अडचण बहुधा प्रकार, व्होल्टेज, नीट न बसलेली स्टिक किंवा खराब चिप यांपैकी एकात असते.

कोअर आय५-८२५०यू प्रोसेसरचा, ८ जीबीची एकच स्टिक असलेला आणि दुसरा स्लॉट मोकळा असलेला लॅपटॉप उदाहरणादाखल घेऊ. हा प्रोसेसर डीडीआर४ या पिढीची रॅम जास्तीत जास्त २४०० च्या वेगाने चालवतो. बाजारात आज ३२०० ची स्टिक सहज मिळते आणि ती घेण्यास हरकत नाही, मात्र ती येथे २४०० नेच चालेल. २४०० चीच हवी म्हणून जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

खरेदीपूर्वी पाहायचे ते निराळेच. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या लॅपटॉप स्टिकवर अनुक्रमे २०४, २६० आणि २६२ पिना असतात आणि मधल्या खाचेची जागाही वेगळी असते, म्हणून एका प्रकारची स्टिक दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये जात नाही. जोर लावल्यास स्लॉट मात्र तुटतो. डीडीआर३ च्या काळातील लॅपटॉपमध्ये आणखी एक मेख आहे. १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ आणि १.३५ व्होल्टची डीडीआर३एल यांची खाच एकाच जागी असते, पण चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरपासून पुढच्या अनेक लॅपटॉपना १.३५ व्होल्टचीच लागते. अशा ठिकाणी साधी स्टिक व्यवस्थित बसते आणि पडदा काळाच राहतो. एलपीडीडीआर या कमी वीज खाणाऱ्या प्रकारची रॅम तर बहुतेक लॅपटॉपमध्ये बोर्डावरच डाखलेली असते. तेथे वाढवण्याचा प्रश्नच येत नाही.

बसवताना लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढावा, मागचे झाकण उघडल्यावर बॅटरीचे कनेक्टर सोडवावे आणि पॉवरचे बटण काही सेकंद दाबून ठेवावे, म्हणजे बोर्डात उरलेली वीज निघून जाते. स्टिक कडांना धरून साधारण तीस अंशांच्या तिरक्या कोनात स्लॉटमध्ये सरकवावी. सोनेरी पट्टी जवळजवळ दिसेनाशी झाली पाहिजे. मग वरून हलकेच दाबल्यावर दोन्ही बाजूंचे खटके ‘टक’ करून अडकतात. पट्टीचा सोनेरी भाग एका टोकाला जास्त दिसत असेल, तर स्टिक वाकडी बसली आहे असे समजावे.

यानंतर बटण दाबले आणि पडद्यावर काहीच आले नाही, तर लगेच बंद करू नये. नवी रॅम ओळखल्यावर बायोस तिची जुळवणी करतो. त्यात एखादे मिनिट जाऊ शकते आणि डीडीआर५ मध्ये त्याहूनही जास्त. पुरेशी वाट पाहूनही पडदा काळाच असेल, तर अंदाज न बांधता एकेक गोष्ट वेगळी काढावी. आधी फक्त जुनी स्टिक तिच्या मूळ स्लॉटमध्ये लावून पाहावी, मग त्याच स्लॉटमध्ये फक्त नवी. जुनी चालते आणि नवी चालत नाही, तर दोष नव्या स्टिकचा किंवा तिच्या प्रकाराचा आहे. दोन्ही एकेकट्या चालतात, पण दुसऱ्या स्लॉटमध्ये कोणतीच चालत नाही, तर स्लॉटमध्ये धूळ आहे किंवा तो खराब आहे. दुरुस्तीच्या दुकानात पट्टी खोडरबराने घासतात. त्याने काम होते, पण रबराचा चुरा स्लॉटमध्ये गेला की नवेच दुखणे उभे राहते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेले कापड बरे. प्रत्येक स्लॉटमध्ये दोन्ही एकेकट्या चालतात आणि एकत्र मात्र नाही, असे झाले तर बायोसची नवी आवृत्ती घालून पाहावी आणि तरीही जमत नसेल, तर स्टिक बदलून घ्यावी.

लॅपटॉप सुरू झाला, पण आकडे पटत नाहीत, हा गोंधळ त्याहून जास्त आढळतो. टास्क मॅनेजरमधील परफॉर्मन्सच्या मेमरी विभागात २४०० दिसते आणि सीपीयू-झेड या हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मात्र १२०० च्या आसपास, म्हणून रॅम अर्ध्या वेगाने चालते आहे असे वाटते. तसे नसते; डीडीआर रॅम घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती पाठवते, आणि सीपीयू-झेड ठोके मोजतो. ३२०० ला आधार देणाऱ्या लॅपटॉपमध्ये ३२०० ची एकटी स्टिकही २१३३ किंवा २४०० दाखवत असेल, तर गोष्ट वेगळी. गेमिंगसाठी विकल्या जाणाऱ्या काही स्टिकचा जाहिरातीतला वेग एक्सएमपी नावाच्या नोंदीत असतो, आणि बहुतेक लॅपटॉपच्या बायोसमध्ये ती वापरण्याची सोयच नसते. एकूण रॅम थोडी कमी दिसते, कारण अंगभूत ग्राफिक्स त्यातला काही हिस्सा राखून ठेवते. थेट अर्धीच दिसत असेल, तर एक स्टिक ओळखली गेलेली नाही. ३२ बिट विंडोज असेल, तर ४ जीबीच्या पुढची रॅम वापरात येतच नाही.

वेगापेक्षा दोन स्टिक असणे माझ्या मते अधिक मोलाचे आहे. दोन्ही स्लॉट भरले की माहितीचे दोन मार्ग एकाच वेळी चालतात, आणि अंगभूत ग्राफिक्सला त्याचा ठळक फायदा होतो. ४ आणि ८ जीबी अशी असमान जोडी असली, तरी इंटेलच्या लॅपटॉपमध्ये पहिले ८ जीबी दोन मार्गांनी आणि उरलेले ४ जीबी एका मार्गाने चालतात.

सर्व आकडे बरोबर असूनही मधूनच निळा पडदा येत असेल किंवा मोठी झिप फाइल उघडताना खराब असल्याचे दाखवत असेल, तर पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवावा. विंडोजमधील रॅमची तपासणी झटपट होते, पण तिच्या ‘दोष नाही’ या निकालावर विसंबू नये. मेमटेस्टमध्ये एक जरी चूक दिसली, तरी प्रत्येक स्टिक वेगळी तपासून सदोष ठरलेली वॉरंटीत परत करावी. त्यासाठी तिच्यावरचे लेबल आणि बिल जपून ठेवलेले असावे.