झेब्रा फिंचची अंडी उबत नव्हती: माझा अनुभव

आमच्या झेब्रा फिंचच्या (पिंजऱ्यात पाळतात ते चिमुकले पक्षी) जोडीने तीनदा अंडी घातली, पिल्लू एकही नाही. मी नराला दोष देऊन मोकळा झालो होतो. चौथ्या खेपेला त्यांच्या घरट्याच्या मडक्यात बोट घातलं, तर काथ्याच्या थराखाली चार गार अंडी, आणि वरच्या थरावर दोन ताजी! नराला काडी दिसली की तो ती घरट्यात नेणारच. रोज हौसेने मूठभर काथ्या टाकणारा मीच.

मडकं धुऊन उन्हात वाळवलं आणि दोन महिने पिंजऱ्याबाहेर ठेवलं, कारण अंडी घालून घालून मादी खंगली होती. राळ्यासोबत कोथिंबीर, थोडं उकडलेलं अंडं दिलं (तासा-दोन तासांत उचलायचं, उन्हाळ्यात लगेच वास मारतं) आणि काष्ठौषधींच्या दुकानातलं समुद्रफेन (कटलफिश या समुद्री जिवाचं कॅल्शियमवालं कवच) तारेला अडकवलं. कॅल्शियम कमी पडलं की अंडं मादीच्या पोटात अडकू शकतं. मादी पिसं फुगवून तळाशी बसली, तर थांबू नका, तिला ऊब देऊन पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या.

मग मडकं टांगलं, काथ्या एकदाच दिला. पहिलं अंडं दिसताच काडीसुद्धा बंद. तिसऱ्या-चौथ्या अंड्यापर्यंत दोघं नीट बसत नाहीत, त्याची काळजी करू नये. बसल्यापासून तेराव्या दिवशी तळाशी अर्धं टरफल सापडलं. आत घेवड्याच्या दाण्याएवढं, गुलाबी काहीतरी वळवळत होतं. तिथून विसाव्या दिवशी तीन पिल्लं घरट्याबाहेर!

नर आता तळाच्या वर्तमानपत्राच्या कडा फाडतोय. जाळी घालावी लागणार.