खुकरीची गोष्ट वर्गात सांगताना

दर 9 डिसेंबरला मी सातवीच्या मुलांना आयएनएस खुकरी या युद्धनौकेचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांची गोष्ट सांगतो. यंदा तुम्ही सांगणार असाल, तर आदल्या दिवशी पिशवीभर चिंचोके जमवून ठेवा.

सुरुवात नकाशापासून करा. सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाला दीव दाखवा. 1971 च्या युद्धात आयएनएस खुकरी त्याच बाजूच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीच्या शोधात होती. मग मुलांना मैदानात न्या. जहाजाची लांबी सुमारे 94 मीटर, म्हणजे मोठ्या माणसाची सव्वाशे पावलं. पावलं मुलांकडूनच मोजून घ्या.

दीवला जाऊन आलेलं एखादं मूल हमखास म्हणतं, "सर, ते जहाज मी बघितलंय!" तिथे ठेवलेली खुकरी नंतरची, त्याच नावाची दुसरी नौका आहे, हे तिथल्या तिथे सांगून टाका. आपली खुकरी समुद्राच्या तळाशी आहे.

आता ती रात्र. 8 वाजून 50 मिनिटांनी टॉर्पेडो लागले आणि जहाज बुडू लागलं. मुल्लांनी जहाज सोडायचा हुकूम दिला आणि डोकं शांत ठेवून ते आपल्या माणसांना बाहेर काढू लागले. इथे आवाज चढवू नका. पहिल्या वर्षी मी चढवला, तर मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि पुढचं वाक्य कोणाला ऐकूच गेलं नाही. ते वाक्य असं : त्यांनी स्वतःचं लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला दिलं. हे सांगताना मी अंगातला स्वेटर काढून समोरच्या मुलाला घालतो. बाह्या त्याच्या हाताखाली लोंबतात, पण कोणी हसत नाही.

बरेच जण गोष्ट इथेच संपवतात. तसं करू नका. जॅकेट दिल्यावर मुल्ला पुन्हा ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे गेले, आणखी कोणाला वाचवता येईल का ते बघायला. जहाजाबरोबर बुडताना ते शेवटचे दिसले. मरणोत्तर महावीर चक्र मिळालं, हे एका ओळीत सांगा, पुरे.

शेवटी चिंचोके टेबलावर ओता. त्या रात्री 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. मुलांना दोन ढीग मोठ्याने मोजून करू द्या, कितीही वेळ लागो. गेल्या वर्षी एका मुलीने विचारलं, "सर, यातला कॅप्टनचा कुठला?" मी काही बोललो नाही. तिने 18 मधला एक उचलला आणि 176 च्या ढिगात नेऊन ठेवला.