टीममध्ये गे खेळाडू असेल तर कोचनं काय करायचं

मिरजेत मी संध्याकाळी पोरांना फुटबॉल शिकवतो. दिवसा रेल्वेत नोकरी. सांगली, तासगाव, विटा, जयसिंगपूर अशा गावांत पदरमोड करून टीम चालवणाऱ्या कोचसाठी हे लिहितोय. आपल्या टीममधलं एखादं पोरगं समलिंगी असेल, तर त्यानं बूट माळ्यावर टाकून घरी बसू नये, यासाठी आपण काय करायचं एवढाच विषय आहे.

कोचचा यात वाटा किती असतो ते आधी बघा. जस्टिन फॅशनू हा दहा लाख पौंडांची बोली लागलेला इंग्लंडमधला पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू. १९८१ साली तो नॉरिच सोडून नॉटिंगहॅम फॉरेस्टला आला. हा गे क्लबमध्ये जातो, असं मॅनेजर, म्हणजे तिथले मुख्य कोच, ब्रायन क्लफ यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी त्याला सरावाला यायलाच बंदी केली. असला दांडगा स्ट्रायकर, पण पुढं क्लब बदलत फिरत राहिला. १९९० मध्ये आपण गे आहोत हे त्यानं जाहीरपणे सांगितलं, तेव्हा सख्खा भाऊसुद्धा उलटला. १९९८ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, त्यानं आयुष्य संपवलं. त्यामागं इतरही कारणं होती, पण आधाराला फार कुणी उरलं नव्हतं हे खरं. त्याच्यानंतर ब्रिटनमधल्या एखाद्या खेळत्या व्यावसायिक पुरुष फुटबॉलपटूनं हे बोलायला २०२२ उजाडलं. तो ब्लॅकपूलचा जेक डॅनियल्स, वय सतरा. आईला आणि बहिणीला सांगितल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं एका मॅचमध्ये चार गोल मारले. मनावरचं ओझं उतरलं की पाय कसे चालतात, हे मी माझ्या पोरांमध्येही बघितलंय, म्हणून मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आता आपल्या ग्राउंडवर या. सगळ्यात आधी, 'आमच्यात असं कुणी नाही' हे म्हणणं सोडा. आणि कोण आहे ते शोधायलाही जाऊ नका. चालण्यावरून, आवाजावरून अंदाज बांधणं हे कोचचं काम नाही. कुणीही असलं तरी त्याला इथं खेळता येईल, एवढं बघायचं, आणि ते कुणी काही सांगण्याच्या आधीच करून ठेवायचं.

सुरुवात शिव्यांपासून. टॅकल चुकवला की 'बायल्या', हेडरला घाबरला की 'छक्का', हे आपल्याकडं बॉलपेक्षा जास्त उडतं. भाषण देऊन ते थांबत नाही. नियम वापरा. खेळाच्या बाराव्या नियमानुसार अपमानकारक बोलण्याला थेट लाल कार्ड आहे, आणि त्यासाठी खेळ थांबवला असेल तर समोरच्यांना इनडायरेक्ट फ्री किक मिळते. सरावातही तसंच करा. शिट्टी मारा, बोलणाऱ्याला बाहेर काढा, फ्री किक द्या, खेळ पुढं चालू. मार्गदर्शन नको, चिडचिड नको. आपल्या चुकीनं टीमला किक बसते म्हटल्यावर पोरंच एकमेकांना आवरतात. मात्र हाच नियम स्टार स्ट्रायकरलाही लागू पाहिजे, आणि टचलाइनवरून ओरडणाऱ्या तुम्हालाही.

समजा, एक दिवस एखादं पोरगं येऊन सांगतं. आमच्या लेफ्ट बॅकनं सांगितलं ते बॉल जाळीत भरताना, माझ्याकडं न बघता. 'सर, मला पोरी आवडत नाहीत. पोरं आवडतात.' मी म्हणालो, 'बरं झालं सांगितलंस. आणखी कुणाला माहीत आहे?' नाही म्हणाला. 'मग माझ्याकडूनही कुणाला कळणार नाही. रविवारी लेफ्ट बॅकला तूच आहेस.' त्या क्षणी एवढंच पुरतं. 'नक्की का?', 'वयाचा परिणाम असेल', 'लग्न झालं की सुटेल' असलं काही बोलू नका. टीमला सांगायचं का, कधी, कुठल्या शब्दांत, हे त्याचं तो ठरवेल. आपल्या बायकोलाही सांगायचं नाही.

एक फरक मात्र पक्का लक्षात ठेवा. अठराच्या आतल्या पोरानं मला पोरं आवडतात म्हटलं, तर ते कुठंही कळवायचं कारण नाही. पण कुणी त्याच्यावर जबरदस्ती केली, हात टाकला, असं तो सांगत असेल, तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या, कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथं गुपित पाळायचं नाही. ते त्याला नीट समजावून सांगा आणि सोबत जा. मुलांच्या मदतीची चाइल्डलाइन १०९८ आहेच.

घरचा प्रश्न सगळ्यात अवघड. आई-वडिलांना आपण होऊन सांगू नका. त्यापायी पोराला घराबाहेर काढलं तर त्याला झोपायला जागा तुम्ही देणार आहात का? घरच्यांना कळलंच आणि वडील तुमच्याकडं आले, तर बसवा, चहा द्या, ऐकून घ्या. 'काका, पोरगं तेच आहे, काल होतं तेच' इथून सुरुवात करता येते. ते विचारतात, हा गुन्हा नाही का? नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं सज्ञान लोकांमधल्या संमतीच्या संबंधांना कलम ३७७ मधून, म्हणजे समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलमातून, वगळलं. मग विचारतात, कुठला डॉक्टर बरा करतो? हा आजार नाही. उलट असे 'उपचार' करणं हे डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं डॉक्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशननं २०२२ मध्ये सांगितलंय. पैसे भरायच्या आधी हे त्यांच्या कानावर घालणं फार गरजेचं आहे. सांगलीत संग्राम ही संस्था १९९२ पासून आहे, समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांसोबतही काम करते. आणि पोरगं खचलेलं दिसलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर त्याच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून द्या. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

बाहेरगावच्या स्पर्धेला शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकून झोपतो आपण. कुणालाही वेगळं झोपवू नका. अंघोळीला आडोसा करायचा तर सगळ्यांसाठी करा. लाजाळू पोरं प्रत्येक टीममध्ये असतात.

प्रेक्षकांची तयारी मॅचच्या आधी करायची. कोल्हापूर काय, मिरज काय, गर्दी पेटली की काहीही ओरडते. फिफाच्या नियमांत कुणाला कोण आवडतं यावरून होणारा भेदभाव वंशभेदासारखाच गुन्हा आहे, आणि तीन पायऱ्या ठरलेल्या आहेत: मॅच थांबवून माइकवरून सूचना, मग टीम काही वेळ आत, मग मॅच रद्द. आयोजक काकांना आणि रेफ्रींना नाणेफेकीआधीच भेटा, माइक कुणाकडं आहे ते बघून ठेवा. कॅप्टनला शिकवा: स्वतः भिडायचं नाही, रेफ्रींकडं जायचं.

आणि रेफ्रींनी दखलच घेतली नाही तर? अमेरिकेत सप्टेंबर २०२० मध्ये सॅन दिएगो लॉयल ही टीम हाफ टाइमला ३-१ नं पुढं होती. समोरच्या खेळाडूनं त्यांच्या कॉलिन मार्टिनला समलिंगी असण्यावरून शिवी दिल्याची तक्रार झाली. मार्टिन जाहीरपणे गे असलेला खेळाडू. समोरच्यावर कारवाई झाली नाही, तेव्हा कोच लँडन डोनोव्हननं दुसऱ्या हाफच्या सुरुवातीलाच टीम बाहेर काढली. मॅच गेली, प्लेऑफ म्हणजे पुढच्या बाद फेरीची संधीही गेली. मी तिथं असतो तर हेच केलं असतं. तुम्ही करणार असाल, तर ते पोरांशी आधीच बोलून ठरवा; ऐन मॅचमध्ये एकट्याच्या डोक्यावर तो निर्णय आणि नंतरची बोलणी येऊ देऊ नका. विशेषतः ज्याच्यासाठी बाहेर पडलो, त्याच्या डोक्यावर.

शेवटचं काम शिफारसीचं. पोरगं पुण्या-मुंबईच्या क्लबला ट्रायलला निघालं की पत्रात पोझिशन, डावा पाय, स्टॅमिना, हजेरी एवढंच लिहा. तिकडचे सर फोनवर आडून आडून विचारतील, 'बाकी काही प्रॉब्लेम नाही ना?' तेव्हा सांगा, थ्रो-इन अजून कच्चा आहे, तेवढा करून घ्या.