स्लॅगने खाणीचं आंबट पाणी सुधारताय? या चुका टाळा

चंद्रपूर-नागपूरकडच्या नव्या इंजिनिअर मुलांचे फोन येतात. प्रश्न ठरलेला: "सर, पोलाद कारखान्याचा स्लॅग फुकट मिळतोय. बंद खाणीच्या आंबट पाण्यात टाकला तर चालेल ना?" चालेल, पण घोळ त्या 'टाकला'मध्येच आहे. (स्लॅग म्हणजे धातू वितळवून उरलेली खडेदार मळी, आंबट म्हणजे आम्लयुक्त पाणी.) मी वेस्ट व्हर्जिनियात जुन्या कोळसा खाणींच्या पाण्यावर काम करतो. खाणवाल्यांनी उकरलेली जमीन नीट करून द्यावी असं सांगणारा १९७७चा अमेरिकी कायदा येण्याआधी वाऱ्यावर सोडलेल्या खाणी इथे डोंगरोडोंगरी आहेत, आणि पिट्सबर्गचा पोलादपट्टा हाकेच्या अंतरावर. म्हणून ही पद्धत इथे रुजली.

सगळ्यांची लाडकी चूक म्हणजे खाणीचं पाणी थेट स्लॅगमधून सोडणं. मीही ती केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका ओढ्याकाठी आम्ही लांबलचक चर खणला, स्लॅगने भरला आणि नारिंगी पाणी त्यात वळवलं. पहिल्या आठवड्यात पलीकडे पीएच १०. फोटो काढले, साहेबांना पाठवले, पाठ थोपटून घेतली. तिसऱ्या महिन्यात पाणी चराच्या आतून जायचं सोडून वरून वाहायला लागलं. फावडं घातलं तर प्रत्येक खड्यावर गंजाची साल! हातोडीने एक फोडला, आत राखाडी, कोरा करकरीत. चुना सगळा शिल्लक, पण पाण्याला तो शिवतच नव्हता. पाण्यातलं लोखंड स्लॅगला टेकताक्षणी तिथेच साका धरतं, सल्फेट आणि चुन्याचं जिप्सम होतं, आणि सगळी भोकं बुजतात. तीन ट्रक माल उपसून फेकला.

स्लॅग ही गाळणी नाही, चुन्याचं कोठार आहे. त्यात साधारण ४० ते ५० टक्के कॅल्शियम ऑक्साइड असतं, बरंचसं सिलिकेटमध्ये बांधलेलं. चुनखडीने पाण्याचा पीएच फार तर ८च्या आसपास जातो. स्लॅगमधून स्वच्छ पाणी गेलं तर ११च्या पुढे. म्हणून वरच्या अंगाचा एखादा निवळशंख झरा शोधायचा, तो स्लॅगमधून न्यायचा आणि मग ते तिखट, म्हणजे चुन्याने अल्कधर्मी झालेलं, पाणी खाली खाणीच्या पाण्यात मिसळायचं. साका तिथे होऊ दे, स्लॅगमध्ये नको. झरा नसेल तर पावसाचं पाणी अडवा. तेही नको, आणि काम मात्र याच महिन्यात उरकायचं असेल, तर दुसरा धंदा बघा.

दुसरी चूक: जुना माल. रस्तेवाल्यांना मुरलेला स्लॅग लागतो, कारण मोकळा चुना पाणी पिऊन फुगतो आणि रस्ता उचलतो. आपलं नेमकं उलटं. उन्हापावसात पडलेल्या ढिगाने हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन टाकलेला असतो. वरून दिसायला स्लॅग, आतून निम्मी चुनखडी. "सुरतजवळच्या हजिऱ्याच्या स्लॅग-रस्त्याला वापरतात तसलाच आहे" असं पुरवठादार छाती ठोकून सांगेल. मी ऐकत नाही. मूठभर माल डिस्टिल्ड वॉटरच्या बाटलीत घालतो, हलवतो आणि सकाळी मोजतो. ११च्या खाली आला की ट्रक परत. प्रयोगशाळेतल्या लोकांना ही रीत गावठी वाटते. वाटू दे.

आणि सगळा स्लॅग एक नव्हे. तांबं, शिसं, जस्त वितळवून उरलेल्या स्लॅगमध्ये शिसं किंवा आर्सेनिक असू शकतं. झांबियातल्या काबवेची खाण आणि भट्टी १९९४ साली बंद झाली, तरी तिथल्या मुलांच्या रक्तात शिसं सापडतंच आहे. स्टेनलेसच्या स्लॅगमध्ये क्रोमियम. पोलादाचा असला तरी पाण्यात काय उतरतं ते तपासल्याशिवाय एक पाटीही ओतू नका.

बारीकसारीक चुका:

जास्त डोस. पीएच ९च्या वर नेला की खाली बसलेलं अॅल्युमिनियम पुन्हा विरघळतं. मॅंगनीज खाली बसायला पीएच बराच वर लागतो, ते काढायच्या हट्टापायी हे हमखास होतं.

मिसळल्यानंतर गाळ बसायला तळं न ठेवणं. मग नारिंगी चिखल ओढ्यातच.

प्रवाह एकदाच मोजणं, तोही उन्हाळ्यात. बादली आणि घड्याळ घेऊन भर पावसात जा.

उघड्या हाताने माल चाळणं. चुना आहे तो, कातडी सोलते.

शेवटची चूक, बाहेर पडणारा पाइप. स्लॅगचं पाणी हवेला लागलं की चुन्याचा पांढरा थर धरतं, किटलीत धरतो तसा, फक्त कित्येक पटीने वेगाने. चार इंची पाइपात दीड इंच भोक उरलेलं मी पाहिलंय. हल्ली मी तिथे पाइप घालतच नाही. उघडा, पसरट चर ठेवतो, आणि महिन्यातून एकदा कुदळ घेऊन थर फोडायला जातो.