ग्रंथालयात जाऊनही काम होत नाही? धंदा करणाऱ्यांनी आणि नोकरी शोधणाऱ्यांनी या चुका टाळा

"काकू, बिझनेसवरचं एखादं चांगलं पुस्तक द्या ना."

पुण्यात पेठेतल्या एका ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात बसून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की माणूस जिना चढून वर येतानाच ते येणार हे कळतं. मी कपाट दाखवते. तो कुठल्याशा बड्या उद्योजकाचं चरित्र उचलतो, पंधरा दिवसांनी आणून देतो, आणि मधल्या काळात त्याचं स्वतःचं काम तसूभरही सरकलेलं नसतं. अशाच एका मुलाला मी एकदा विचारलं, "धंदा कसला करताय?" तेव्हा कळलं, त्याला वाघोलीत लॉन्ड्री टाकायची होती. बँकेने प्रकल्प अहवाल मागितला होता आणि त्यात परिसराची लोकसंख्या लिहायची होती. म्हणजे त्याला हवा होता एक आकडा. तो चरित्रात कुठून सापडणार?

तर पहिली आणि सगळ्यात महाग चूक ही: काम न सांगता पुस्तक मागणं. किराणा दुकानात जाऊन "काहीतरी चांगलं द्या" असं कुणी म्हणत नाही. ग्रंथपालाला सरळ सांगा: अमुक भागात अमुक करायचंय, अमुक कागद भरायचाय, अमुक तारखेपर्यंत. काही जण कल्पना चोरीला जाईल म्हणून मोघम बोलतात. इतक्या वर्षांत आमच्यातल्या कुणी लॉन्ड्री काढल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

संदर्भ विभागाला वळसा घालणं

घरी नेता येत नाहीत म्हणून लोक संदर्भ विभागातल्या पुस्तकांकडे बघतही नाहीत. धंद्याला लागणारा माल मात्र नेमका तिथेच असतो: जिल्हा जनगणना पुस्तिका, जिल्ह्याची माहिती देणारं सरकारी गॅझेटियर, सरकारी अहवाल, उद्योगांच्या निर्देशिका, वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली.

शिवाय सगळी ग्रंथालयं एकसारखी नसतात. लोकहितवादींच्या पुढाकाराने १८४८ साली सुरू झालेलं पुणे नगर वाचन मंदिर किंवा नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय इथे मराठी पुस्तकं आणि नियतकालिकं भरपूर मिळतील. पण आकडेवारी खोदायची असेल तर गोखले अर्थशास्त्र संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय गाठावं. अर्थशास्त्र, जनगणना आणि सरकारी अहवाल हा त्यांचा प्रांत. विद्यापीठातलं जयकर ग्रंथालयही मोठं आहे. या दोन्ही ठिकाणी बाहेरच्यांसाठी वेगळे नियम असतात, तेव्हा ओळखपत्र खिशात ठेवा आणि आधी फोन करून जा. उन्हातान्हात हेलपाटा घातलेली माणसं माझ्यासमोर येऊन बसलेली आहेत, म्हणून सांगते.

आकडा बरोबर, पण गाव हरवलेलं

त्या वाघोलीच्या मुलाकडे परत येऊ, कारण त्याच्या एका अहवालात तीन चुका होत्या आणि तिन्ही नेहमीच्या आहेत.

पहिल्या मसुद्यात त्याने लिहिलं होतं, "पुण्याची लोकसंख्या ३१ लाख २४ हजार." आकडा खरा आहे, २०११ च्या जनगणनेतला. पण तो त्या वेळच्या महापालिका हद्दीचा. त्यानंतर २०१७ मध्ये ११ गावं हद्दीत आली, २०२१ मध्ये आणखी २३. वाघोली त्या २३ मधलं. म्हणजे ज्या लोकांचे कपडे तो धुणार होता, ते लोक त्या ३१ लाखांत नव्हतेच! २०११ ला वाघोली हवेली तालुक्यातलं गाव म्हणून मोजलं गेलं. त्याचा आकडा जिल्हा जनगणना पुस्तिकेत गावांच्या यादीत मिळतो, शहरांच्या यादीत शोधत बसलात तर मिळत नाही. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे तोही आकडा जुनाच. मग करायचं काय? आकड्यापुढे साल लिहायचं, आणि आजच्या अंदाजासाठी स्वतः फिरून सोसायट्या आणि फ्लॅट मोजायचे. त्याने दोन रविवार घालवून मोजले. अहवालातला सगळ्यात दमदार भाग तोच झाला.

दुसरी चूक याच गावातून निघाली. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून, म्हणजे नव्या धंद्याच्या कर्जाला अनुदान देणाऱ्या केंद्राच्या योजनेतून, तो अर्ज करत होता, आणि वाघोली गाव म्हणून त्याने ग्रामीण भागाचं अनुदान धरलं होतं. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्वसाधारण गटाला ग्रामीण भागात २५ टक्के, शहरी भागात १५ टक्के. महापालिकेत गेलेलं गाव शहरीच धरतात. दहा लाखांच्या प्रकल्पात हा फरक एक लाखाचा. शिवाय सर्वसाधारण गटाला स्वतःचे १० टक्के घालावे लागतात, तेही हिशोबात नव्हते.

तिसरी चूक तर जवळजवळ सगळेच करतात. अनुदान म्हणजे हातात पडणारे पैसे, असं धरून पहिल्या महिन्याचं भाडं आणि पगार त्यातून दाखवायचे. ते पैसे बँकेत तुमच्या नावाने तीन वर्षं ठेव म्हणून राहतात, त्यावर व्याज मिळत नाही, आणि युनिट चालू असल्याची खात्री झाल्यावर कर्जात वळते होतात. तोवर धंदा चालवायचा तो बँकेच्या कर्जावर आणि स्वतःच्या पैशांवर. जमिनीची किंमतही प्रकल्प खर्चात धरता येत नाही. हे सगळं योजनेच्या मूळ मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं असतं. ती पानं वाचायला दीड तास लागतो, आणि लोक त्याऐवजी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं रंगीत पोस्टर वाचतात.

जुन्या पुस्तकावर डोळे मिटून विश्वास

हा दोष थोडा आमचाही. फाटलेलं पुस्तक आम्ही बाजूला काढतो, पण नियम बदलून निकामी झालेलं पुस्तक कपाटात तसंच उभं राहतं. तेव्हा कर किंवा कायद्याचं पुस्तक हातात घेतलं की आधी आवृत्तीचं साल बघा. व्हॅटचा हिशोब सांगणारं पुस्तक १ जुलै २०१७ लाच संपलं, त्या दिवशी जीएसटी आला. जीएसटीच्या पुस्तकात १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे मोठ्या तक्त्यात दिसले तर तेही जुनं, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तू ५ किंवा १८ टक्क्यांत आल्या. शॉप अ‍ॅक्टचं, म्हणजे दुकानं आणि आस्थापनांच्या कायद्याचं, पुस्तक १९४८ च्या कायद्यावर असेल तर ठेवून द्या, महाराष्ट्रात २०१७ चा कायदा लागू आहे. प्राप्तिकराचंही तसंच: १९६१ चा कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा लागू झाला.

नमुना प्रकल्प अहवालांची पुस्तकं मात्र फेकू नका. रचना समजायला ती अजूनही उपयोगी आहेत. फक्त यंत्रांचे भाव त्यातून उतरवू नका. भाव विक्रेत्याच्या कोटेशनवरून घ्या, बँकही तेच मागते.

पाकीट छापून झाल्यावर नाव तपासणं

लोणची-मसाले करणाऱ्या बायका माझ्याकडे बऱ्याच येतात. नाव ठरलेलं असतं, पाकिटं छापून आलेली असतात, आणि मग विचारतात, "हे नाव दुसऱ्या कुणाचं नाही ना?" हे आधी. ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर शोध घेणं फुकट आहे, ग्रंथालयाच्या संगणकावरही होतं. तिथे माल आणि सेवांचे एकूण ४५ वर्ग आहेत. गंमत अशी की मसाला ३० व्या वर्गात आणि लोणचं २९ व्या. एकाच वर्गात शोधून निर्धास्त झालात तर दुसऱ्यात अडकाल. उच्चार सारखा असेल तरी आक्षेप येऊ शकतो, म्हणून मराठी नाव आणि त्याची दोन-तीन इंग्रजी स्पेलिंगं, सगळी घालून बघा. ऑनलाइन अर्जाला व्यक्तीसाठी एका वर्गाचे ४,५०० रुपये लागतात. दोन वर्ग, तर दुप्पट.

संगणकावरच्या चुका

उद्यम नोंदणीला, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीला, एक पैसाही लागत नाही. "नोंदणी शुल्क" मागणारं पान उघडलं असेल तर ते सरकारी नाही, बंद करा. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो, तो मोबाइल घरी ठेवून येऊ नका. हे हसण्यावारी नेऊ नका, आठवड्यातून एकदा तरी घडतं.

त्याहून गंभीर म्हणजे, सार्वजनिक संगणकावर आधार, पॅन, मार्कशीट उतरवून लोक तशीच ठेवून जातात. उठण्याआधी डाउनलोडचं फोल्डर रिकामं करा, मग रीसायकल बिनही, आणि मेलमधून बाहेर पडा. आणि मराठी मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतला असेल, तर समोरच्याच्या संगणकावर तो "Éä" छापाचा कचरा दिसतो. युनिकोडमध्ये टाइप करा, पाठवताना पीडीएफ करा.

नोकरी शोधणाऱ्यांचं दुखणं वेगळं

ही मुलं ग्रंथालयात सगळ्यात जास्त वेळ असतात आणि ग्रंथालय सगळ्यात कमी वापरतात. सकाळी सातला अभ्यासिकेतली खुर्ची धरायची, स्वतःची पुस्तकं उघडायची, रात्री उठायचं. शेजारच्या खोलीत वर्तमानपत्रं आहेत, तिथे पाय नाही. एमपीएससीच्या जुन्या प्रश्नपत्रिका आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट असताना झेरॉक्सच्या दुकानात त्यांचे गठ्ठे विकत घेतात. जाहिरात मूळ न वाचता कुणीतरी फॉरवर्ड केलेला सारांश वाचतात. मग वयाची गणना कोणत्या तारखेला, नॉन क्रिमीलेअरचा दाखला कधीपर्यंतचा हवा, हे अर्ज बाद झाल्यावर कळतं.

"रोजगार समाचार मराठीत आहे का?" हा आणखी एक नेहमीचा प्रश्न. केंद्र सरकारचं हे साप्ताहिक इंग्रजी, हिंदी आणि उर्दूत निघतं. मराठीत नाही म्हणून परत जाऊ नका, हिंदी अंक वाचायला कितीसा वेळ लागतो? राज्यातल्या नोकऱ्यांसाठी राज्य सरकारच्या महास्वयं या रोजगार पोर्टलवर नाव घालून ठेवा.

खासगी नोकरीवाल्यांना एकच सांगते. चाकणच्या कंपनीत मुलाखत असेल आणि कंपनी शेअर बाजारात असेल, तर तिचा वार्षिक अहवाल तिच्याच संकेतस्थळावर असतो. पहिली वीस पानं वाचून गेलेला मुलगा "आमच्याबद्दल काय माहिती आहे?" या प्रश्नाला अडखळत नाही. आणि नोकरीसाठी आधी पैसे मागणाऱ्याला पैसे देऊ नका. हे ग्रंथालयाबाहेरचं आहे, तरी सांगते.

फोटो काढलात, पण कशाचा?

हल्ली कुणी वहीत उतरवून घेत नाही. मोबाइलने पानाचा फोटो काढतात, निघून जातात. बँकेतले साहेब विचारतात, "हा आकडा कुठला?" आणि फोटोत पुस्तकाचं नाव नसतं, साल नसतं, पान क्रमांक अंगठ्याखाली गेलेला असतो. वाघोलीचा मुलगा एवढ्यासाठी पुन्हा आला होता. पुस्तकाचं नाव आठवत नव्हतं, "निळं होतं, जाड होतं" एवढंच आठवत होतं. जनगणनेच्या जाड पुस्तकांचं अख्खं कपाट आहे आमच्याकडे, आणि त्यातली निम्मी निळी. कामाच्या पानाआधी शीर्षकपृष्ठाचा फोटो काढा, पुस्तकावरचा दाखल क्रमांक, म्हणजे ग्रंथालयाने त्या प्रतीला दिलेला नंबर, त्यात येऊ द्या. पुढच्या वेळी नुसता तो क्रमांक सांगितलात तरी पाच मिनिटांत पुस्तक टेबलावर येतं.