फ्लॉपपूर्वी ऑल-इन जावे की पाने टाकावीत, हे कसे ठरवावे

सांगलीत दिवाळीच्या सुट्टीत ज्या घरांत तीन पत्तीचा डाव बसतो, तेथे टेक्सस होल्डेम पोकरही खेळून पाहता येतो. पैशांऐवजी चिंचोके वाटून घ्यावेत, कारण महाराष्ट्रात १८८७ चा जुगारबंदी कायदा लागू आहे आणि २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवरही बंदी आली आहे. तीन पत्तीत मुरलेल्या खेळाडूला बरी पाने आली की सगळे पुढे सरकवावेसे, म्हणजे ऑल-इन जावेसे वाटते. होल्डेममध्ये हातात दोनच पाने असतात आणि मधली पाच (त्यांतली पहिली तीन म्हणजे फ्लॉप) उघडायची असतात; म्हणून आधी चिंचोके मोजावेत, मग पाने पाहावीत.

पाने वाटण्याआधी दोन खेळाडूंना सक्तीने लावाव्या लागणाऱ्या बोली म्हणजे स्मॉल आणि बिग ब्लाइंड; स्मॉल ही बिगच्या निम्मी असते. पहिली पायरी म्हणजे आपल्याजवळच्या चिंचोक्यांना बिग ब्लाइंडने भागणे. समोरच्याकडे कमी असतील, तर त्याचा आकडा धरावा. उत्तर शंभराच्या आसपास असेल, तर दीड ब्लाइंडसाठी शंभर पणाला लावण्यात अर्थ नाही. तेथे आधी साधी बोली वाढवावी आणि सगळे लावण्याची वेळ आली, तर ते बहुधा एक्क्यांच्या किंवा राजांच्या जोडीवरच लावावेत. उत्तर दहाच्या खाली गेले, की बोली वाढवून नंतर माघार घेणे महागात पडते, म्हणून ऑल-इन किंवा पाने टाकणे एवढेच दोन मार्ग उरतात.

दुसरी पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि नवखे नेमके तिथेच चुकतात : आपण प्रथम ऑल-इन जात आहोत, की दुसऱ्याच्या ऑल-इनला तितकेच लावून उत्तर देत आहोत? समजा ब्लाइंड ५० आणि १०० आहेत, ते लावणाऱ्या दोघांकडे ब्लाइंड धरून प्रत्येकी १००० चिंचोके आहेत, बाकीच्यांनी पाने टाकली आहेत आणि आपण स्मॉल ब्लाइंडवर आहोत. पाने टाकली तर ९५० उरतात. ऑल-इन गेल्यावर समोरच्याने माघार घेतली तर ११०० होतात, म्हणजे १५० अधिक. त्याने उत्तर दिले आणि आपली जिंकण्याची शक्यता ३५ टक्केच असली, तर २००० पैकी सरासरी ७०० हाती येतात, म्हणजे २५० कमी. तो १०० पैकी ६३ वेळा माघार घेत असेल, तर सामान्य पानांवरही हा डाव तोट्याचा ठरत नाही. आता बाजू बदलून बिग ब्लाइंडवर बसा. आणखी ९०० घालून २००० साठी खेळायचे, म्हणजे किमान ४५ टक्के शक्यता हवी, आणि येथे कोणी घाबरून पाने टाकणार नसल्यामुळे केवळ पानांचाच भरवसा असतो. म्हणूनच उत्तर देताना अधिक चांगली पाने लागतात.

तिसऱ्या पायरीवर समोरच्याकडे काय असू शकेल, याचा अंदाज घ्यावा. राण्यांच्या जोडीसमोर वेगवेगळ्या रंगांचे एक्का-राजा सुमारे ४३ टक्के जिंकतात, एकाच रंगाचे सुमारे ४६. एक्का-राणी मात्र एक्का-राजासमोर साधारण चौथा हिस्साच जिंकते, म्हणून ती दिसते तितकी भारी नाही. शिवाय एक्का-राजा आपल्या हाती असले, की समोरच्याला एक्क्यांची जोडी ६ ऐवजी ३ प्रकारांनीच मिळू शकते, आणि राजांचेही तसेच.

शेवटी, आपल्याआधी एकाने ऑल-इन जाऊन दुसऱ्याने त्याला उत्तर दिले असेल, तर मोजणी पुन्हा करावी. एक्क्यांची जोडी एका अनोळखी हातासमोर ८५ टक्के जिंकते, दोघांसमोर सुमारे ७३. अशा वेळी सत्ते किंवा अठ्ठ्यांची जोडी निमूटपणे टाकावी.